जोडणी कोणाच्या हातीं?

टेलिफोनच्या प्रारंभकाळीं दोघांच्या संभाषणामध्यें एक तिसरें माणूस नेहमीं असे. १८७८ च्या जानेवारींत अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं पहिलें व्यापारी एक्स्चेंज उघडलें, तेव्हां ग्राहक अवघे २१ होते. त्याच वर्षीं बोस्टन येथें एमा नट ही पहिली स्त्री-ऑपरेटर कामावर रुजू झाली. दोर उचलून योग्य भोकांत खोंवणें एवढेंच हें काम दिसे. परंतु कोणाची गांठ कोणाशीं पडावी आणि कोणीं ताटकळावें, हें ठरविण्याचा अधिकारही त्याच हातांत होता.

स्वयंचलित जोडणीचा जन्म या अधिकाराविषयींच्या संशयांतून झाला. कॅन्सस सिटींतील आल्मन स्ट्रॉजर याचा धंदा अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेचा. आपल्याला येणारे निरोप ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असें त्याच्या मनानें घेतलें, अशी आख्यायिका आहे. संशय कितपत खरा होता कोण जाणे! १८९१ मध्यें त्याला पेटंट मिळालें आणि १८९२ च्या नोव्हेंबरांत इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं त्याच्या पद्धतीचें एक्स्चेंज सुरू झालें. ग्राहकाच्या घरून येणाऱ्या विद्युत्-आघातांबरोबर केंद्रांतील दांडी एकेक पायरी सरके. मात्र मार्ग शोधणारी दांडीच स्वतः मार्ग बनून जाई आणि बोलणें संपेपर्यंत अडकून पडे.

मार्ग ठरविणाऱ्या बुद्धीचा मोठा पालट १९६५ सालीं झाला. न्यू जर्सींतील सुक्कासुन्ना येथें बेल कंपनीनें बसविलेल्या एक्स्चेंजचा कारभार स्मृतींत साठविलेल्या आज्ञावलीकडे आला. ओघ अनावर झाल्यास नवे कॉल किती घ्यावे, हें संगणकानें ठरविण्याची रीत अर्ना हूव्हर यांनीं शोधली. तिचें कच्चें टिपण त्यांनीं प्रसूतीनंतर रुग्णालयांतच केलें. १९७१ त तिला पेटंट मिळालें.

दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंतील राउटर हें याच घराण्यांतील यंत्र. कॅमेरे व मायक्रोफोन एका बाजूस, पडदे व प्रक्षेपक दुसऱ्या; मध्यें छेदबिंदूंची जाळी. १६ आगम व १६ निर्गम असले तर बिंदू २५६. १०० व १०० असतां ते १०,००० होतात. चार्ल्स क्लॉस यांनीं १९५३ सालीं टेलिफोनसाठीं मांडलेल्या तीन टप्प्यांच्या रचनेनें, कोणाचीही वाट न अडतां, हेंच काम ५,७०० बिंदूंत भागतें. ६२५ रेषांच्या चित्रांत बदल करावयाचा तो दोन क्षेत्रांमधील सुमारें १.६ सहस्रांश सेकंदाच्या रिकाम्या फटींतच. एरवीं पडदा उसळी घेतो.

इतकी नाजूक जोडणी नियंत्रक सॉफ्टवेअरकडे गेली, तरी जुना संशय मिटला नाहीं. बातम्या चालूं असतां दुसऱ्या खोलींतल्या कोणीं तोच निर्गम पळविला तर? म्हणून निर्गमाला कुलूप घालण्याची सोय आली. एका आज्ञेनें अनेक जोडण्या एकदम बदलण्याचीही आली. चांगल्या व्यवस्थेंत बटण दाबल्याबरोबर दिवा लागत नाहीं. जाळीकडून होकार परत आल्यावरच लागतो. हा क्षणभराचा उशीर अननुभवी तंत्रज्ञाला खटकतो, मुरलेल्याला नाहीं.

२०१७ सालीं एस. टी. २११० हीं मानकें प्रसिद्ध होऊं लागलीं आणि चित्र व ध्वनि संगणकजालावरून पृथक् प्रवाहांनीं धांवूं लागले. तेथें छेदबिंदू असा उरलाच नाहीं. कोणता प्रवाह घ्यावा, एवढेंच सॉफ्टवेअर ग्राहकयंत्राला सांगतें. तरीही नियंत्रकाच्या पडद्यावर उभ्याआडव्या रेषांची तीच जाळी काढलेली असते.