राईतलं पाणी

आमच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं देवाची राई आहे. माझ्या घरापासून फार लांब नाही, पण साठी उलटल्यावरच मी ती नीट बघितली. गावातल्या शाळेची मुलं निघाली होती. मास्तर म्हणाले, "आबा, तुम्हीही चला." वाट दाखवायला तिथलाच एक तरणा मुलगा होता.

राईच्या तोंडाशी त्यानं सगळ्यांना चपला काढायला लावल्या, हात जोडून गाऱ्हाणं घातलं, मग आत घेतलं. बाहेर चैताचं ऊन आणि आत मात्र अंगावर गारवा. पायाखाली काळा चिखल, त्यातून आवाज न करता सरकणारं पाणी. झाडांची मुळं दुमडलेल्या गुडघ्यासारखी वर येऊन परत चिखलात शिरलेली.

"आबानू, पाय जपान टाका," मुलगा म्हणाला. "चिखलात हवा नाय, म्हणान मुळां श्वास घेवक वर येतत."

ही झाडं जायफळाच्या कुळातली, पण रानटी. बी मोठं, ते साठवून ठेवता येत नाही. पडल्या पडल्या ओल मिळाली तरच रुजतं. म्हणजे पाणी गेलं की झाडाचा वंश गेला. जागा म्हणाल तर अवघी २.५९ हेक्टर. सरकारनं २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. चांगलं झालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, राईतली सुकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, या एका धाकानं गावानं ती राखली होती.

झाड राखायचं हे राज्यकर्त्यांनाही कळत होतं. परतताना मास्तरांनी मुलांना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली गोष्ट सांगितली. आरमाराला लाकूड लागायचंच, तरी साग वगैरे तोडायचा तो परवानगीनं. आंबा-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडं एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फार जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं.

मग आमचे डोंगर बोडके कोणी केले? मुंबईच्या चुलींना लाकूड आणि शेगड्यांना कोळसा कोकणातून गलबतं भरभरून गेला. आमच्याकडचं बरंचसं रान खाजगी मालकीचं. तेव्हा विकणारे आम्हीच होतो.

त्यात मीही आहे. १९८४ साली बहिणीचं लग्न ठरलं. वडील गेलेले, घरात पैसा नाही. घरामागचा वरचा डोंगर मी एका ठेकेदाराला तोडायला दिला. दोन महिने कोळशाच्या भट्ट्यांचा धूर घरात येत होता. आई एका शब्दानं बोलली नाही. फक्त व्हाळावर पाणी भरायला गेली की उशिरा यायची. त्या व्हाळाचं पाणी पूर्वी शिमग्यापर्यंत पाटानं आमच्या कुळागरात यायचं. आता दिवाळी झाली की दगड दिसतात. पोफळी पंपाच्या पाण्यावर जगवतो. लग्नाचं देणं दोन वर्षांत फिटलं, विजेचं बिल अजून भरतो आहे.

राईतून घरी आलो तर मुलगा वाट बघत होता. खालच्या रानाला गिऱ्हाईक आलं होतं, रबर लावायला. आमच्या तालुक्यात रबराचे मळे आता नवे नाहीत, भावही बरा देतात. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नातीच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर आहे.

मी त्याला म्हटलं, "एक डोंगर मी खाल्ला. दुसरा तुझ्या नावावर करून देतो, पण आधी एकदा त्या राईत जाऊन ये. पाणी बघ. मग काय ते ठरव."

तो अजून गेलेला नाही. गिऱ्हाईकाला मात्र त्यानं पावसाळ्यानंतर या म्हणून सांगितलंय.