कुकी (संगणकीय)

कुकी : संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली मजकुराची छोटी नोंद; आकार साधारणपणे ४ किलोबाइटपर्यंत. एचटीटीपी या वेबच्या संपर्कपद्धतीला स्मरण नसते. प्रत्येक विनंती तिच्या लेखी नवी. त्यामुळे ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू पुढच्या पानावर लक्षात ठेवणे अवघड होते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर तोडगा काढला : सर्व्हर उत्तरासोबत एक ओळखक्रमांक पाठवतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्याच स्थळाकडे जाणाऱ्या पुढील विनंत्यांबरोबर परत धाडतो. लॉगिन टिकते, निवडलेली भाषा कायम राहते, ते यामुळेच.

खरा वाद आहे तो त्रयस्थ कुकींचा. बातमीच्या पानावरची जाहिरात बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि तीही आपली कुकी ठेवू शकते. मग तिच्या जाहिराती जिथे जिथे असतील, त्या सर्व स्थळांवरचा एकाच माणसाचा वावर तिला जोडता येतो. न विचारता ठेवलेल्या या पाळतीचे समर्थन होऊ शकत नाही. कुकींच्या परवानगीसाठी आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. सफारी ब्राउझर २०२० पासून त्रयस्थ कुकी मुळातच अडवतो.

इतर ब्राउझरांत सेटिंग्जमधील गोपनीयता विभागातून त्या बंद करता येतात, किंवा एखाद्याच स्थळाच्या कुकी पुसता येतात. सगळ्या पुसल्यास सर्वत्र पुन्हा लॉगिन करावे लागते. खाजगी विंडोतील कुकी ती बंद करताच जातात. सायबर कॅफेत तीच वापरावी.