नव्या टीव्हीच्या स्क्रीनवर ठिपका दिसतोय? परत करायचा की ठेवायचा, हे असं ठरवा

नवा टीव्ही भिंतीवर लागतो, तंत्रज्ञ निघून जातो आणि रात्री एखाद्या अंधाऱ्या दृश्यात कोपऱ्यात पांढुरका उजेड दिसतो. किंवा मधोमध एक हिरवा ठिपका, चॅनल बदललं तरी जागचा न हलणारा. एवढ्याशासाठी ३०-४० हजारांचा टीव्ही परत करायचा का? हे दोन गोष्टींवर ठरतं: दोष कोणता आहे आणि टीव्ही घरी येऊन किती दिवस झाले.

ठिपका म्हणजे नेमकं काय?

फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे उपपिक्सेल. त्यातला एखादा कायम पेटलेला राहिला तर रंगीत ठिपका दिसतो, याला 'स्टक पिक्सेल' म्हणतात. तो कधीकधी आपोआप सुटतो. पूर्ण बंद पडलेला काळा पिक्सेल, म्हणजे 'डेड पिक्सेल', मात्र सहसा परत येत नाही. (आधी मऊ कोरड्या कापडाने पुसून बघा. धुळीचा कणही अगदी असाच दिसतो.)

इथेच ग्राहकाची अडचण सुरू होते. उत्पादक काही पिक्सेल खराब असणं 'स्वीकारार्ह' मानतात. डिस्प्लेसाठीच्या आयएसओ मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले आणि २ कायम बंद पिक्सेल चालतात. हा हिशोब फोर-के पडद्याला लावला तर प्रत्येकी १६ ठिपके नियमात बसतात! टीव्ही कंपन्या आपापले निकष वापरतात, पण वॉरंटीत 'एक ठिपका आहे' एवढ्यावर पॅनल बदलून मिळेल, हे गृहीत धरू नका.

उजेड, ढग आणि पट्टे

एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात. त्यांचा उजेड कडेने झिरपला की काळ्या दृश्यात कोपरे उजळतात. थोडंफार हे बहुतेक एलईडी टीव्हीत असतंच. मोबाइलच्या फोटोत ते प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त दिसतं, कारण अंधारात कॅमेरा उजेड वाढवून घेतो. त्यामुळे फोटो पाहून घाबरू नका. बॅकलाइट कमी करा आणि खोलीत नेहमीचा दिवा लावून पाहा.

क्रिकेटप्रेमींना जास्त छळतो तो दुसरा दोष. चेंडू सीमारेषेकडे जातो, कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरतो आणि पडद्यावर मळकट डाग जागच्या जागी राहतात. मालिका बघताना हे कळतही नाही, सामन्यात मात्र सतत खुपतं. घरात रोज क्रिकेट चालत असेल तर हा दोष 'किरकोळ' म्हणून सोडू नये.

ओएलईडी टीव्हीत गडद करड्या रंगावर उभे पट्टे दिसू शकतात. काही तासांच्या वापरानंतर हे टीव्ही स्टँडबायमध्ये असताना पडदा स्वतःच सुधारून घेतात. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, त्याने ही प्रक्रिया होतच नाही. पहिले काही दिवस टीव्ही फक्त रिमोटने बंद करा आणि मग ठरवा.

पडद्यावर आरपार रेघ किंवा तडा असेल तर विचार करत बसू नका, त्याच दिवशी तक्रार करा.

मुदत संपण्याआधी

ऑनलाइन खरेदीत टीव्ही बदलून घेण्याची मुदत बहुतेकदा ७ किंवा १० दिवसांची असते आणि ती डिलिव्हरीपासून मोजली जाते, फिटिंगपासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये तंत्रज्ञ चार दिवसांनी आला तर तेवढे दिवस गेलेच. या मुदतीत एक ठिपकाही तक्रारीचं कारण ठरू शकतो. मुदत संपली की प्रकरण वॉरंटीत जातं आणि तिथे वरचा १६ ठिपक्यांसारखा हिशोब सुरू होतो.

म्हणून तंत्रज्ञ घरात असतानाच यूट्यूबवरचा काळ्या, पांढऱ्या, करड्या, लाल, हिरव्या आणि निळ्या पडद्यांचा टेस्ट व्हिडिओ लावा. दोष दिसला तर तो त्याच्या जॉबशीटवर लिहून घ्या. खोका आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका.

मात्र बदलून आलेला टीव्ही निर्दोषच असेल, याची खात्री नाही. एकाच मॉडेलचे पॅनलही सारखे नसतात. ठिपक्याचा टीव्ही देऊन ढगांचा टीव्ही घरी येऊ शकतो. त्यामुळे नेहमीच्या जागेवर बसून, नेहमीचे कार्यक्रम बघताना दोष दिसत नसेल तर ठेवणंच शहाणपणाचं. मधोमध पेटलेला ठिपका किंवा मैदानावरचे डाग सोफ्यावरूनही दिसत असतील तर बदलून घ्या.

विक्रेता नाही म्हणाला तर?

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं तरी सदोष वस्तूच्या बाबतीत ते ढाल ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ऑनलाइन विक्रेत्यांवरही अशीच जबाबदारी आहे. अर्थात एका ठिपक्याला 'दोष' म्हणायचं का, यावर विक्रेता वाद घालू शकतो. तेव्हा जॉबशीट आणि व्हिडिओ कामी येतात.

आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. तिथेही सुटलं नाही तर राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.