धावफलकावर हिंदू, चहाला अस्पृश्य

गुलमंडीवरच्या एका चहाच्या हॉटेलात संध्याकाळी आमची बैठक असते. दोन-तीन विद्यार्थी, एखादा कार्यकर्ता आणि मी. परवा बोलणे अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंवर आले. साठ वर्षांहून अधिक काळ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या वरिष्ठ व्यावसायिक बेसबॉलमध्ये १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन उतरला. पोरांना हे सगळे तोंडपाठ होते. मग एकाने विचारले, "सर, आपल्यात असा कोणी झाला का? 'लगान'मधला कचरा खरा होता का?"

प्रश्न मला बोचला. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून निग्रो साहित्य, निग्रो संगीत, निग्रो मुष्टियोद्धे यांच्याशी आपण नाते सांगत आलो. परंतु रॉबिन्सनच्या आधी चाळीस वर्षे याच महाराष्ट्रात एका चांभाराच्या मुलाने असाच दरवाजा ठोठावला होता, हे आपल्या किती वर्गांत शिकवले जाते? मलाही रॉबिन्सन आधी कळला आणि बाळू पालवणकर नंतर.

बाळूंचे वडील पुण्यात लष्करात नोकरीला होते. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. जाळी उभारणे, चुन्याच्या रेघा मारणे ही कामे करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम अंगावर आले. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला ते तासन् तास गोलंदाजी करीत. डावखुऱ्या फिरकीची ती कला अशी मोलमजुरीतून घडली. मात्र शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती त्या क्लबात बॅट कधीच दिली गेली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा मान, तो साहेबाचा. कामाची वाटणी आणि मानाची वाटणी वेगळी ठेवायची, हे वर्णव्यवस्थेचे जुने गणित मैदानावरही चालू होते. २००१ सालच्या 'लगान'मध्ये कचऱ्याची फिरकी त्याच्या अधू हातातून येते. बाळूंचा हात धडधाकट होता. त्यांच्या फिरकीमागे दैवी चमत्कार नव्हता, रोजचा घाम होता.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवेसे झाले. संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि अखेर त्यांना घेतले. पण कसे घेतले? मैदानात सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडूंना कपबशी आणि बाळूंना तंबूबाहेर मातीचे भांडे. जेवणाची पंगत निराळी. कातड्याचा चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता! माझ्या वडिलांसाठी गावातल्या हॉटेलात कपबशी वेगळी ठेवलेली असे. म्हणून हे मातीचे भांडे मला इतिहासातले वाटत नाही.

पुण्यात प्लेग आल्यावर बाळू मुंबईला आले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी विरोध आणि मग गरज, हाच क्रम झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते, त्यांचा भाऊ शिवराम होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेला गेला. संघ अनेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरुण भीमराव आंबेडकरांनाही या माणसाचा अभिमान वाटे.

हा पराक्रम कोणाच्या खाती जमा झाला? मुंबईच्या त्या स्पर्धा धर्मावर उभ्या होत्या: युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान. बाळू हिंदू म्हणून खेळले. धावफलकावर ते हिंदू होते, चहाला अस्पृश्य होते. संख्या मोजताना आत, पंगत बसताना बाहेर. स्वतंत्र मतदारसंघाचा जो प्रश्न बाबासाहेबांनी उभा केला, त्याचे मूळ इथेच दिसते.

आणि शेवटचा दरवाजा नेतृत्वाचा. इतकी वर्षे खेळूनही बाळूंना संघाचे कर्णधारपद दिले गेले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले. पुढे कर्णधाराच्या गैरहजेरीत धाकट्या विठ्ठलचा हक्कही डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन काढले. हा बहिष्कार फळाला आला. बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावणे भाग पडले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना नमवून अजिंक्यपद मिळवले. बळी कितीही घेतले तरी जे मिळाले नव्हते, ते नकाराने मिळवून दिले. रॉबिन्सन मैदानात उतरल्यानंतरही अमेरिकेच्या त्या बेसबॉलमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक व्हायला १९७५ साल उजाडले. त्याचे नाव फ्रँक रॉबिन्सन. अंगमेहनत चालते, आज्ञा चालत नाही. दोन्हीकडे रोग एकच.

आता अवघड भाग. पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. सवर्णांच्या क्रिकेट-इतिहासाने बाळूंना जातीमुळे विसरले आणि आपल्या चळवळीने त्यांना १९३७ मुळे विसरले. दोन्हीकडून ते बेवारस झाले.

मी त्यांची बाजू घेत नाही. ती भूमिका चुकीची होती, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण तिचे कारण शोधणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे. ज्याच्यासाठी प्रत्येक दरवाजा दुसऱ्याच्या गरजेने किंवा मेहेरबानीने उघडला, त्याला पुढचाही दरवाजा तसाच उघडेल असे वाटणे शक्य आहे. दरवाजा राखणाऱ्यांना असा माणूस पुरावा म्हणून दाखवायला हवाच असतो. रॉबिन्सनचेही हेच झाले. १९४९ साली त्याला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायक-नेत्याच्या विरोधात साक्षीला उभे केले गेले. आपल्या १९७२ च्या आत्मचरित्रात त्याने कबूल केले, की असे बोलावणे आज आले तर मी ते नाकारीन. बाळूंनी आत्मचरित्र लिहिले नाही. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली लिहिले. मातीच्या भांड्याची हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती धाकट्या भावाने लिहून ठेवली म्हणून. लिहिणे कशासाठी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बाळू १९५५ साली मुंबईत वारले. त्यांना देव्हाऱ्यात बसवू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. त्यांचे कष्ट आपले आहेत, त्यांचा अपमान आपला आहे, त्यांची चूकसुद्धा आपल्याच घरातली आहे. तिच्यापासून शिकायचे तेही आपणच. आज शाळा-महाविद्यालयांत, नोकरीत, संस्थांत आपली मुले आत आली आहेत. आपल्याला आत घेतले का, हा प्रश्न जुना झाला. पंगतीत कोण बसते आणि कप्तान कोण नेमतो, हा प्रश्न अजून उभा आहे.

त्या संध्याकाळी हॉटेलातल्या पोऱ्याने सगळ्यांपुढे सारखेच ग्लास ठेवले. मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, "कचरा खोटा होता. खऱ्या माणसाचे नाव बाळू पालवणकर. लिहून घे."