बरणीतला हंसराज

चार वर्षांपूर्वी शेजारच्या बंगल्याच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या मागच्या अंगणातलं ऊन गेलं. तिथे ह्यांनी लावलेले गुलाब होते. हे गेल्यानंतर नऊ वर्षं मी ते सांभाळले. सावली पडल्यावर आधी कळ्या धरेनाशा झाल्या, मग पानं गळायला लागली. शेवटचं झाड मी माझ्याच हाताने उपटलं आणि पुढे कितीतरी दिवस मागचं दार उघडलंच नाही.

उघडलं ते भर पावसाळ्यात. पाहते तर कुंपणाच्या भिंतीत, दोन ओल्या विटांच्या फटीत हंसराज उगवलेला. काळी तारेसारखी देठं, त्यांवर पंख्याच्या आकाराची इवली पानं. जुन्या विहिरीच्या आतल्या बाजूला असतो ना, तोच हा नेचा. कोणी लावला नव्हता की कोणी पाणी घातलं नव्हतं. गुलाबाला जी सावली बाधली, तीच ह्याला मानवली.

तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे समोर काही आलं की त्याचं मूळ शोधायची खोड जात नाही. नेच्यांचं शोधत गेले आणि थेट लंडनच्या एका अंगणात पोचले.

नथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर पूर्व लंडनमध्ये राहत असत. त्यांना नेच्यांची भारी हौस. पण शहरात कोळशाचा धूर इतका, की अंगणात लावलेले नेचे एकापाठोपाठ एक मरून जायचे. शेवटी बिचाऱ्यांनी नाद सोडला. १८२९ साली एका पतंगाच्या कोषातून पाखरू कसं बाहेर येतं ते पाहायला त्यांनी तो कोष ओलसर मातीत ठेवून बाटलीचं झाकण लावलं. काही दिवसांनी त्या मातीतून एक गवताचं पातं आणि एक नेचा वर आला! आतल्या पाण्याची दिवसा वाफ व्हायची, काचेवर जमायची आणि परत मातीत उतरायची. बाहेरचा धूर आत येत नव्हता. त्या बाटलीत तो नेचा जवळजवळ चार वर्षं जगला. पुढे झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि तो गेला.

वॉर्डनी मग काचेच्या पेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या नेचे आणि गवत घालून जहाजाने सिडनीला पाठवल्या, झाडं सुखरूप पोचली. एरवी खाऱ्या वाऱ्याने वाटेतच मरणारी रोपं आता समुद्र ओलांडू लागली. रॉबर्ट फॉर्च्यून ह्यांनी चीनमधून चहाची हजारो रोपं भारतात आणली, ती अशाच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या कपाचा धागा असा त्या बाटलीपर्यंत जातो.

पण मंडळी, ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. काचेच्या पेटीमुळे नेचा घराघरात जगायला लागला आणि इंग्लंडात त्याचं वेडच पसरलं. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली ह्या लेखकाने त्या वेडाला 'टेरिडोमॅनिया' असं नावच देऊन टाकलं. लोक सुट्टीत रानात जायचे ते पिशव्या आणि खुरपी घेऊन. विकणारे गाड्या भरभरून नेचे शहरात आणायचे. आयर्लंडमधला किलार्नी नेचा तर ह्या हौसेपायी नामशेष व्हायची वेळ आली. ओरबाडणारे कोणी दुष्ट नव्हते. त्यांचं नेच्यांवर प्रेमच होतं.

हे वाचलं आणि मला १९८४ सालची आमची महाबळेश्वरची सहल आठवली.

ओल्या कातळावर हंसराज लवत होता. मी मुलांना हौसेने त्याचं नाव सांगितलं आणि सांगता सांगता एक गड्डा मुळासकट उपटून ओल्या रुमालात बांधला. बाईंनी घेतला म्हटल्यावर मुलं थोडीच थांबतात? चाळीस मुलं होती. आम्ही निघालो तेव्हा तो कातळ उघडा पडला होता. माझा गड्डा पंधरा दिवसांत वाळला. मुलं एकेक करून सांगायला यायची, "बाई, माझा पण मेला." मी म्हणायचे, "अरे, त्याला इथली हवा मानवत नाही." दोष हवेवर घालून मी मोकळी झाले होते.

नेच्याला फूल नाही, बी नाही. युरोपात एके काळी असा समज होता की नेच्याचं बी अदृश्य असतं आणि ते ज्याला मिळेल तोही अदृश्य होतो. पानाच्या मागची तपकिरी भुकटी पेरून नेचे उगवतात, हे जॉन लिंडसे ह्या जमैकातल्या शल्यवैद्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे मूळ उपटायची गरज किलार्नीलाही नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

म्हणून ह्या खेपेला भिंतीतल्या हंसराजाला मी हात लावला नाही. त्याचं एकच पिकलेलं पान कागदात घालून रात्रभर ठेवलं. एक वीट उकळत्या पाण्यात घालून गार केली, पाण्याच्या ताटलीत उभी केली, तिच्यावर ती भुकटी झटकली आणि वर लोणच्याची काचेची बरणी पालथी घातली. महिन्याभराने विटेवर हिरवी साय धरली. मग त्या सायीत नखाएवढ्या हृदयाच्या आकाराच्या पाकळ्या दिसल्या, आणि त्यांतून बाळमुठीसारखी गुंडाळलेली पहिली पानं निघायला पाच महिने लागले.

आज गुलाबांच्या जागी अकरा कुंड्या आहेत. त्या सहलीतला एक विद्यार्थी, तोही आता पन्नाशीच्या पुढे गेलाय, परवा भेटायला आला होता. जाताना मी एक कुंडी त्याच्या हातात दिली.

"बाई, हा तरी जगेल ना?" त्याने विचारलं.

"जगेल," मी म्हटलं. "हा कुठून उपटून आणलेला नाही."