जहाजांवरील पेयजल सुरक्षा

बंदरात आलेल्या जहाजास पिण्यायोग्य पाणी पुरविणे आणि ते धक्क्यावरील नळापासून खलाशाच्या पेल्यापर्यंत निर्दोष राखणे, यासाठी केल्या जाणाऱ्या उपाययोजनांना जहाजांवरील पेयजल सुरक्षा असे म्हणतात. समुद्रात असताना पाण्याचा दुसरा स्रोत सहज उपलब्ध नसतो. त्यामुळे एक टाकी दूषित झाल्यास जहाजावरील सर्वच माणसे आजारी पडण्याचा धोका असतो.

पाण्याचे स्रोत

जहाजाला बंदरातून पाणी भरून घेता येते किंवा ऊर्ध्वपातन अथवा व्यस्त परासरण पद्धतीने समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करता येते. बंदरातील समुद्राच्या पाण्यात तेल व सांडपाणी मिसळलेले असण्याचा संभव असल्याने तेथे दुसरी पद्धत टाळली जाते. कमी दाबाखालील ऊर्ध्वपातनात पाणी कमी तापमानास उकळते व सर्व जंतू मरतीलच असे नाही. म्हणून अशा पाण्याचेही निर्जंतुकीकरण आवश्यक असते.

दूषित होण्याची कारणे

१९७० ते २००३ या काळातील जहाजांवरील जलजन्य साथींचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २१ साथींची नोंद असून ६,४०० हून अधिक लोक बाधित झाले होते. बंदरातील दूषित पाणी, पाणी भरण्याची सदोष पद्धत, टाक्यांची सदोष रचना व देखभाल, पेयजल व सांडपाणी यांच्या नळांची चुकीची जोडणी आणि अपुरे क्लोरीन ही त्यांमागील काही कारणे होत. टँकरच्या पाण्याबाबत जो धोका असतो, तोच येथेही असतो : मूळ पाणी शुद्ध असले तरी नळी व टाकी अस्वच्छ असल्यास ते वाटेतच दूषित होते.

बंदरातील व जहाजावरील दक्षता

पाणी भरण्याची नळी केवळ पेयजलासाठीच वापरली जाते. तिची तोंडे झाकून ठेवतात व ती जमिनीवर किंवा बंदराच्या पाण्यात पडू देत नाहीत. भरण्यापूर्वी नळीतून काही वेळ पाणी वाहू दिले जाते. जहाजातील पाणी उलट दिशेने शहराच्या जलवाहिनीत जाऊ नये म्हणून एकदिश झडप बसवितात. जहाजावर पेयजलाच्या टाकीला तेलाच्या वा मैल्याच्या टाकीची सामाईक भिंत नसावी, असा दंडक आहे. क्लोरीन मिसळल्यावर किमान ३० मिनिटांनी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि नळाच्या टोकाशी किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये.

नियम व तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम (२००५) हे १५ जून २००७ पासून अमलात आले. त्यांनुसार नियुक्त बंदरांत सुरक्षित पेयजलाची सोय असणे आवश्यक आहे. जहाज स्वच्छता प्रमाणपत्र देण्यापूर्वी पाण्याच्या व्यवस्थेचीही पाहणी होते. हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त सहा महिने वैध असते. यापूर्वीचे प्रमाणपत्र केवळ उंदरांच्या नाशापुरते मर्यादित होते. भारतात यासंबंधीचे बंदर आरोग्य नियम १९५५ मध्ये करण्यात आले.

मुंबई बंदर

मुंबई शहराला विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या तलावांचे पाणी मिळू लागले, त्याच सुमारास प्रिन्सेस गोदी (१८८०) व व्हिक्टोरिया गोदी (१८८८) बांधल्या गेल्या. बंदराला महानगरपालिकेच्या जलवाहिन्यांतून पाणी मिळते. धक्क्याला लागलेल्या जहाजांना ते नळीने, तर नांगरून उभ्या असलेल्या जहाजांना पाणीवाहू बार्जमधून पुरविले जाते. बार्जमुळे टाकी व नळी यांचा आणखी एक टप्पा वाढतो, म्हणून त्यांची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची ठरते. मुंबई व न्हावा-शेवा येथे केंद्र शासनाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाखालील बंदर आरोग्य कार्यालये आहेत. बंदराची जबाबदारी जहाजाला शुद्ध पाणी देण्याची, तर ते शुद्ध राखण्याची जबाबदारी जहाजाच्या कप्तानाची असते.