लसीकरणातील वयोमर्यादा : मध्य प्रांतापासून गोंदिया जिल्ह्यापर्यंत

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. साहजिकच येथील लसीकरणाचा पूर्वेतिहास भंडारा जिल्ह्याच्या, पर्यायाने ब्रिटिशकालीन मध्य प्रांताच्या आरोग्यधोरणात शोधावा लागतो. लस कोणी व कोणत्या वयात घ्यावी, हा प्रश्न त्या काळीही निव्वळ वैद्यकीय नव्हता.

भारतातील देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली. पुढे १८८० च्या लसीकरण कायद्याच्या कक्षेत मध्य प्रांतही आला. या कायद्याने मुलग्यासाठी १४, तर मुलीसाठी अवघ्या ८ वर्षांची मर्यादा घातली. रोगाने असा भेद कधीच केला नव्हता. बालविवाहाची रूढी आणि वाढत्या मुलीच्या दंडाला परपुरुषाचा हात लागण्यास होणारा विरोध यांपुढे शासनाने घेतलेली ही माघारच म्हणावी लागेल. शिवाय सक्ती होती ती नगरपालिका व छावण्यांपुरती. आजच्या देवरी, सालेकसा या तालुक्यांतील अरण्यमय भागातील खेडी तिच्या बाहेरच राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि १९७५ मध्ये देशातून देवीचे उच्चाटन झाले. १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बालकांबरोबर गर्भवतींनाही धनुर्वाताची लस मिळू लागली. ज्या स्त्रीला जुन्या कायद्याने आठव्या वर्षीच वगळले होते, तीच आता धोरणाच्या केंद्रस्थानी आली. माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मान्यता देशास २०१५ मध्ये मिळाली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षे हा वयोगट मुलगे व मुली दोघांसाठी समान होता. रुबेलामुळे गर्भाला होणारी इजा ध्यानात घेता, येथे मुलीला वगळणे म्हणजे मोहिमेचा हेतूच गमावणे ठरले असते. दहाव्या व सोळाव्या वर्षीच्या धनुर्वात-घटसर्प लसीबाबतही हाच समान नियम आहे.

प्रौढांचा विचार मात्र उशिरा झाला. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना कोविडची लस मिळू लागली, तेव्हा लसीकरण प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर वृद्धांपर्यंत पोहोचले. त्यांपैकी अनेकांच्या बालपणीच्या लसीकरणाचा दाखला म्हणजे दंडावरील देवीचा वण एवढाच होता.